घरातील बिनतारी जोडणी : दोष शोधण्याची रीत

प्राथमिक शिक्षकाचे पुष्कळसे लेखनकाम अलीकडे शाळा सुटल्यावर त्याच्या घरीच होते. विद्यार्थ्यांची माहिती भरणे, उद्याच्या पाठासाठी चित्रफीत उतरवून घेणे, प्रशिक्षणाचा वर्ग ऐकणे, शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविणे या सर्वांस इंटरनेटची जोडणी लागते. आणि घरात ती बहुधा राउटर नावाच्या लहानशा पेटीतून बिनतारी मिळते. ही पेटी नीट चालते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती अडली म्हणजे मात्र दोष कोठे आहे हे न पाहता आपण कंपनीला बोल लावतो, किंवा अधिक पैशांची योजना घेऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात हा दोष शोधण्याचा एक क्रम सांगितला आहे. त्यासाठी विशेष ज्ञानाची गरज नाही. आधी मोजावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे, असे विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो. तेवढेच येथे करावयाचे आहे.

एका रात्रीचा अनुभव

माणगाव तालुक्यात निजामपूर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेथील सहावीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पाचवीतील मुलांचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. एका वर्षी मुदत संपण्याच्या आदल्या रात्री प्रस्तुत लेखक माणगावातील आपल्या घरी एका विद्यार्थिनीचा अर्ज भरीत होता. मुलीचे वडील कामासाठी मुंबईस होते. आई मुलीला घेऊन ओटीवर बसली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सर्व भरले जाई. पण छायाचित्र आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला चढविण्याची वेळ आली की पान अडून बसे, आणि सर्व काम पुन्हा आरंभापासून करावे लागे. असे चार वेळा झाले. “गुरुजी, अर्ज गेला नाही तर पोरीला परीक्षेला बसता येणार नाही ना?” असे त्या माउलीने विचारले. “जाईल, काळजी करू नका,” एवढेच उत्तर देता आले.

त्या घाईत लेखकाच्या हातून एक चूक घडली. राउटरच्या सेटिंगांत शिरून त्याने चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या. परिणामी होती ती जोडणीही गेली, आणि कोणत्या बदलाने गेली हे कळण्यास मार्ग उरला नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या मोबाइलच्या आधाराने पहाटे तो अर्ज गेला. शेजारी जागे झाले नसते तर एका गुणी मुलीचे वर्ष केवळ आपल्या अव्यवस्थितपणामुळे फुकट गेले असते, ही टोचणी मात्र मनात राहिली. पुढील रविवारी शांतपणे बसून जो शोध केला, त्यातून पुढील क्रम तयार झाला.

जोडणीचे दोन भाग

प्रथम हे ध्यानात घ्यावे की घरातील जोडणीचे दोन निरनिराळे भाग असतात. पहिला भाग बाहेरून राउटरपर्यंत येणाऱ्या तारेचा; दुसरा राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंतच्या हवेचा. गावाच्या नळयोजनेचे पाणी घराच्या तोटीपर्यंत पुरेशा दाबाने येत असेल, पण घरातील पाइप चोंदलेला असेल, तर ग्रामपंचायतीकडे तक्रार करून स्वयंपाकघरात पाणी वाढत नाही. तद्वत् हवेच्या भागात दोष असता मोठी योजना घेतल्याने काही साधत नाही. उलट तारेतच दोष असेल तर राउटरची सेटिंगे कितीही फिरविली तरी व्यर्थ होय. म्हणून दोष कोणत्या भागात आहे हे ठरविणे ही पहिली पायरी.

मापन

वेग मोजणारी संकेतस्थळे व ॲपे विनामूल्य मिळतात. मापन तीन ठिकाणी करावे : राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर, राउटरपासून पाच-सहा फुटांवर मोबाइलवर, आणि जेथे आपण प्रत्यक्ष काम करतो त्या खोलीत. संगणक नसल्यास शेवटची दोन मापने पुरतात. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. एकदा सकाळी व एकदा रात्री नऊच्या सुमारास मोजावे, कारण रात्री सर्वांचाच वापर वाढतो. दर वेळी उतरता वेग, चढता वेग आणि प्रतिसादास लागणारा वेळ हे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आकडे वाचताना एक गल्लत टाळावी. योजनेचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर चित्रफितीचा आकार मेगाबाइटमध्ये दिलेला असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून दर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट येतील. यात फसवणूक नाही; एकक निराळे आहे, इतकेच.

राउटरजवळ योजनेएवढा वेग मिळतो व आतील खोलीत तो फार घटतो, असे आढळल्यास दोष हवेच्या भागात आहे. तारेने जोडलेल्या संगणकावरही वेग कमीच असेल तर तो बाहेरच्या भागात, किंवा घरातील दुसरे एखादे उपकरण सर्व वाट अडवून बसले आहे म्हणून. पेटीवरील ‘लॉस’ नावाचा दिवा तांबडा लागला असेल तर फायबरमधून प्रकाश येणे बंद झाले आहे असे समजावे. तेव्हा सेटिंगांस हात न लावता कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

जागा

सेटिंगांच्या आधी जागा पाहावी, कारण तिला खर्च नाही. बऱ्याच घरांत राउटर दाराच्या कोपऱ्यात, जमिनीलगत किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलेला असतो. कारण तार तेथून आत आली. लोखंड, पत्रा आणि आरसा या वस्तू बिनतारी लहरी परतवितात; पाण्याने भरलेले पिंप त्या शोषून घेते; चिऱ्याची जाड भिंत त्यांना पुष्कळ क्षीण करते. यास्तव राउटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा. फायबरची तार वाढवून घेणे कठीण असल्यास पेटी तेथेच ठेवून तिच्यापासून साधी लॅन तार माजघरापर्यंत न्यावी व राउटर तेथे बसवावा.

लहरींचा जोर मोबाइलवरील वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये उणे संख्येने दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्रफीत व संभाषण यांस पुरेसा, उणे ८० म्हणजे अगदी क्षीण. या मोजणीत दर दहा अंकांच्या घटीला शक्ती एक-दशांश होते. म्हणजे उणे ५० वरून उणे ८० वर येता शक्तीचा हजारावा भागच उरतो.

सेटिंगांच्या पानावर जाण्याची रीत

राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये हे अंक लिहिले की प्रवेशाचे पान उघडते. नाव व पासवर्ड त्याच चिठ्ठीवर असतात. आत गेल्यावर प्रथम प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. काही बिघडल्यास पूर्वस्थितीवर येण्याचा तोच आधार.

दोन गोष्टींस मात्र हात लावू नये. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानावर कंपनीने दिलेली माहिती असते. ती पुसली की जोडणी तुटते. तसेच पेटीच्या मागील बारीक भोकातील रीसेटची कळ दाबून धरू नये. तिने सर्वच सेटिंगे पुसली जातात. पेटी नुसती बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे निराळे, आणि रीसेट करणे निराळे.

दोन पट्टे

आजच्या बहुतेक राउटरांतून दोन पट्ट्यांवर लहरी निघतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. हर्ट्झ हे वारंवारतेचे एकक, विद्युत्‌चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून आले आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे मुलांच्या कंपासातील मोजपट्टीहून किंचित आखूड असते. ५ गिगाहर्ट्झची लहर पाच ते सहा सेंटिमीटरांची. पहिला पट्टा भिंतींतून दूर पोहोचतो, पण तेथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची साधने व मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व तेथेच असतात. दुसऱ्या पट्ट्यावर वेग अधिक व गर्दी कमी. परंतु भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली. परवाना नाही याचा अर्थ असा की ही गायरानासारखी सर्वांची जागा आहे; तेथे कोणाची मालकी नाही, आणि गर्दी झाली तर तक्रारही चालत नाही.

पुष्कळ राउटरांत दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते. अशा वेळी कित्येक मोबाइल राउटरजवळ असूनही संथ पट्ट्याला चिकटून राहतात. दोन पट्ट्यांना निरनिराळी नावे द्यावीत. राउटर असलेल्या खोलीत ५ चा, आणि पडवीत वा मागील खोलीत २.४ चा उपयोग करावा.

चॅनेल

प्रत्येक पट्ट्याचे पुन्हा चॅनेल पाडलेले आहेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल असून शेजारच्या दोहोंच्या मध्यांत केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. पण राउटरचे बोलणे सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. फळ्यावर संख्यारेषा काढली म्हणजे हे स्पष्ट होते. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात.

द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकांस याचे मर्म सहज कळेल. एका खोलीत दोन वर्ग बसले असता दोन्ही शिक्षक एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलले तर काम संथ पण नीट चालते. एकाच चॅनेलवरील दोन राउटर असेच आळीपाळीने बोलतात. परंतु मध्ये अर्धवट पडदा लावला आणि पलीकडचे शब्द न कळता नुसता गलका ऐकू येऊ लागला, तर दोघांनाही शिकविता येत नाही. १ व ६ यांच्या मध्ये ३ क्रमांक निवडणारा राउटर हाच गलका करतो. म्हणून ॲपमध्ये शेजारचे राउटर कोठे आहेत ते पाहून १, ६, ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडावा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतील चॅनेल निवडावा. मधले कित्येक चॅनेल रडार यंत्रणांनीही वापरलेले असतात. तेथे रडारची चाहूल लागली की राउटर जागा सोडतो व जोडणी क्षणभर तुटते.

चॅनेलची रुंदी हेही एक सेटिंग आहे. रुंद रस्ता म्हणजे अधिक वेग हे खरे. पण गर्दीत रुंद गाडी अडकते. २.४ वर रुंदी २० ठेवावी, ५ वर ८० ठेवून पाहावे. तेथेही जोडणी तुटत असेल तर ४० वर यावे. प्रक्षेपणशक्ती वाढविण्याच्या सेटिंगवर फार भिस्त ठेवू नये. राउटरचा आवाज मोठा झाला तरी मोबाइलचा होत नाही, आणि संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. घर फार लांब असल्यास दुसरी पेटी लॅन तारेने जोडावी. हवेतूनच ऐकून हवेतूनच पुढे सांगणारा साधा रिपीटर तेच वाक्य दोनदा उच्चारतो, म्हणून त्याच्यामागे वेग सुमारे निम्मा होतो.

सुरक्षितता

सुरक्षिततेचे सेटिंग डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावे. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत सहज फोडता येते, आणि ती ठेवल्यास वेगही जुन्या मर्यादेत, म्हणजे ५४ मेगाबिटांत अडकतो. पासवर्ड बारा अक्षरांहून मोठा असावा; जन्मतारीख अथवा मोबाइल क्रमांक नसावा. सेटिंगांच्या पानाचा पासवर्डही चिठ्ठीवरचा न ठेवता बदलावा. शिक्षकाच्या घरातील जोडणीवरून विद्यार्थ्यांची खासगी माहिती जाते, हे येथे विसरू नये. पाहुणे व शेजारची मुले यांच्यासाठी ‘गेस्ट’ नावाची वेगळी जोडणी उघडता येते.

चढती वाट

आपण बहुधा उतरता वेगच पाहतो. परंतु अर्ज, छायाचित्रे व दाखले पाठविणे हे चढत्या वाटेचे काम होय. काही योजनांत दोन्ही वेग समान असतात, काहींत चढता कमी असतो. शिवाय घरातील मोबाइल दिवसभराची छायाचित्रे व चित्रफिती आपणहून साठवणीसाठी पाठवीत असतात. त्यांनी चढती वाट भरून टाकली की मागे रांग लागते, आणि उतरते कामही अडते. कारण पान मागविण्यासाठी आधी मागणी वर जावी लागते. मोबाइलमधील हा आपोआप साठवणीचा पर्याय मध्यरात्रीनंतर किंवा मागणी केल्यावरच चालेल असा ठेवावा. राउटरमध्ये क्यूओएस नावाचे सेटिंग असल्यास मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा तेथे घालावी. थोडा वेग सोडल्याने रांग राउटरच्या ताब्यात राहते व प्रतिसाद सुधारतो.

वीज आणि पाऊस

आपल्या तालुक्यात पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा विजेचे खांब कोसळून कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. शाळा बंद आणि शिक्षण मोबाइलवर, असा तो काळ होता. एवढ्या संकटाला घरगुती उपाय पुरत नाही. तथापि तास-दोन तासांच्या खंडाला राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस पुरतो. तो घेताना राउटरच्या चिठ्ठीवरील व्होल्ट व अँपिअर जुळवून पाहावेत. बऱ्याच राउटरांना १२ व्होल्ट लागतात. गडगडाट सुरू होताच विजेची पिन काढून ठेवावी. फायबरची काच वीज वाहत नाही, पण विजेच्या तारेतून येणारा धक्का पेटी जाळू शकतो.

त्या घरात काय आढळले

प्रस्तुत लेखकाच्या घरी रविवारच्या मापनात राउटरजवळही चढता वेग फार कमी आढळला; म्हणजे तेवढा दोष भिंतीचा नव्हता. घरातील मोबाइल एकेक करून बंद केले. तिसरा बंद होताच आकडा वर गेला. शाळेच्या वृक्षारोपणाच्या लांबलचक चित्रफिती तो आठवडाभर रात्री साठवणीसाठी पाठवीत होता, आणि त्याच रात्री मुलीचा दाखला त्या रांगेत अडकला होता. दुसरा दोष जागेचा निघाला. राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो माजघरातील फळीवर येताच ओटीवरील जोरही सुधारला. योजना तीच राहिली. खर्च एका लॅन तारेचा झाला.

मोठी योजना घेण्याचा फॉर्म तोवर अर्धा भरून झाला होता, हे येथे मान्य करणे इष्ट होय. ज्या पालकांची मिळकत बेताची आहे तेही वेग मिळत नाही म्हणून असाच खर्च करून बसतात व आपल्याकडे सल्ला मागतात. तेव्हा आपल्या वहीत मापन असेल तर आपला सल्ला अंदाजाचा राहणार नाही. मुदतीच्या रात्री मात्र कोणतेही सेटिंग बदलू नये. राउटरजवळ जाऊन बसावे, इतर मोबाइल बंद करावेत आणि काम उरकावे. सुधारणा निवांत दिवशी करावी. त्याहून उत्तम म्हणजे मुदतीची रात्र येऊच देऊ नये.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी राउटरजवळ व कामाच्या खोलीत मापन करा. दोष तारेच्या भागात आहे की हवेच्या, हे कारणासह सांगा.

२. १०० मेगाबाइटची चित्रफीत ४० मेगाबिट वेगाने उतरविण्यास किमान किती सेकंद लागतील? (उत्तर : २० सेकंद.)

३. संख्यारेषेवर १, ३, ६ व ११ हे चॅनेल प्रत्येकी २० मेगाहर्ट्झ रुंदीचे दाखवा. कोणते एकमेकांवर चढतात?

४. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम पाचवीच्या परिसर अभ्यासातील कोणत्या प्रयोगात शिकविता येईल? बी रुजविण्याच्या प्रयोगाचा विचार करून पाठाचे टाचण तयार करा.